एक गाडी, तीन राजधान्या: हिवाळ्याच्या सुट्टीत मुंबईहून विजापूर, बदामी आणि हंपी, रेल्वे आणि एसटीने

दिवाळी झाली की ऑफिसात तोच विषय, डिसेंबरच्या सुट्टीत कुठे जायचं, मग कोणी आग्रा म्हणतं, कोणी वाराणसी, आणि त्यातले बरेच जण धुक्यात रखडलेल्या गाडीची वाट बघत उत्तरेतल्या कुठल्यातरी स्टेशनवर सात-आठ तास काढून परत येतात. मी सगळ्यांना एकच सांगते, डिसेंबर-जानेवारीत ट्रेनने फिरायचं असेल तर दक्षिणेकडे निघा. तिकडे हिवाळा म्हणजे फिरायचा खरा सीझन, रात्री शाल पुरते, दुपारी ऊन असतं पण सोसवतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या सीएसएमटीवरून सुटणारी एकच गाडी तीन जुन्या राजधान्यांमधून जाते. आदिलशाहीचं विजापूर, चालुक्यांची बदामी, आणि विजयनगरची हंपी. दरवेळी त्याच गाडीत बसायचं आणि एक टप्पा पुढे सरकायचं, एवढंच या ट्रिपचं गणित.

मी ही ट्रिप आई आणि मावशीला घेऊन केली. आमची कुलदेवी बनशंकरी, तिचं मूळ ठाणं बदामीला, आणि आईला लग्नानंतर एकदाही जायला जमलं नव्हतं. म्हणजे निघालो देवीसाठी आणि बघून आलो सगळंच. आई बासष्ट, मावशी अठ्ठावन्न, दोघींचे गुडघे दुखतात, तरी जमलं, म्हणून पहिल्यांदाच स्वतःचं स्वतः प्लॅनिंग करणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

आधी गाडी ओळखा

मुंबई-होसपेटे एक्स्प्रेस, नंबर १११३९, रोज आहे. पूर्वी गदगपर्यंतच जायची म्हणून जुनी माणसं तिला अजून गदग एक्स्प्रेसच म्हणतात. सीएसएमटीवरून रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास निघते, पुण्यावरून पहाटे सोलापूर, सकाळी विजापूर, मग बागलकोट, बदामी, गदग, कोप्पळ करत दुपारी होस्पेट, हंपीसाठी उतरायचं स्टेशन. अचूक वेळ तिकिटावर असेल तीच धरा, टाइमटेबल बदलतं.

तिकीट काढताना नवीन माणूस पहिला अडतो तो स्टेशनच्या नावावर. आपण विजापूर म्हणतो पण २०१४ पासून अधिकृत नाव विजयपुरा आहे, होस्पेटचं होसपेटे. त्यामुळे नाव टाइप करून सापडलं नाही तर सरळ कोड टाका, विजापूरचा बीजेपी, बदामीचा बीडीएम, होस्पेटचा एचपीटी.

रिझर्व्हेशन ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. म्हणजे २० डिसेंबरला निघायचं तर २१ ऑक्टोबरला सकाळी आठला मोबाइल हातात हवा, आणि हे दिवस नेमके दिवाळीच्या आगेमागे येतात म्हणून लोक विसरतात आणि मग तत्काळच्या मागे धावतात. तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. त्यासाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं लागतं, ते काम आजच करून टाका, आदल्या रात्री ओटीपी येत नाही म्हणून रडत बसू नका.

दोन गोष्टी काउंटरवाला आपणहून सांगत नाही. एक, तुमच्याबरोबर साठीच्या पुढचे पुरुष किंवा पंचेचाळीसच्या पुढच्या बायका असतील तर कोट्यामध्ये ‘लोअर बर्थ / सिनियर सिटिझन’ निवडा, पण या कोट्यात एका तिकिटावर दोनच माणसं चालतात. म्हणून मी आई-मावशीचं तिकीट वेगळं काढलं आणि माझं वेगळं, दोघींना खालचे बर्थ मिळाले, मला त्याच डब्यात वरचा. दोन, ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात, त्या तिकिटावर गाडीत चढायचं नाही. आरएसी असेल तर बिनधास्त चढा, बसायला जागा नक्की असते.

स्लीपरमध्ये चादर-ब्लँकेट मिळत नाही, एसीत मिळतं. लोणावळा ओलांडलं की खिडकीच्या फटीतून जी हवा येते ती दौंडपर्यंत हाडात शिरते, म्हणून स्लीपरवाल्यांनी जाड शाल आणि कानटोपी वरच्या कप्प्यातच ठेवायची, बर्थखालच्या बॅगेत नाही.

सगळ्यांनी सीएसएमटीलाच जायला हवं असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बॅगा घेऊन लोकलमध्ये चढणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. दादर आणि कल्याणलाही गाडी थांबते, पश्चिमेकडच्यांना दादर सोयीचं, डोंबिवली-बदलापूरवाल्यांनी कल्याण धरावं, फक्त तिकीट काढतानाच बोर्डिंग पॉइंट तसा टाका, नाहीतर तुमची सीट रिकामी दिसली म्हणून टीसी दुसऱ्याला देऊ शकतो.

विजापूरपर्यंतचं पहिलं रात्रीचं तिकीट आणि परतीचं तिकीट ही दोनच कन्फर्म असायलाच हवीत. मधले टप्पे दिवसाचे आहेत, विजापूर ते बदामी अडीच-तीन तास, तिथे जनरलचं तिकीट काढून बसलं तरी चालतं. बदामी ते होस्पेट थोडं लांब आहे, ते मी स्लीपरचं काढून ठेवलं होतं.

गाडी फुल असेल तर दुसरा रस्ता, सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीत सोलापूर, आणि सोलापूर एसटी स्टँडवरून विजापूरची बस. साधारण १०० किलोमीटर. बसेस सारख्या असतात, महाराष्ट्राच्याही आणि कर्नाटकच्याही.

दिवसांची मांडणी

शुक्रवारी रात्री निघा. शनिवार विजापूर, तिथेच मुक्काम. रविवारी सकाळी तीच गाडी पकडून बदामी, दोन रात्री. मंगळवारी पुन्हा तीच गाडी, होस्पेट. बुधवार-गुरुवार हंपी. शुक्रवारी परतीची गाडी, तीच उलटी, नंबर १११४०, रात्र गाडीत काढून शनिवारी मुंबई, आणि रविवार कपडे धुवायला. रजा पाचच दिवसांची लागते. ज्यांना एवढीही मिळत नाही त्यांनी विजापूर-बदामी करावं आणि हंपी वेगळी ठेवावी, हंपी घाईत बघायची जागाच नाही.

शक्य असेल तर २४ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा टाळा. आम्ही टाळला नाही आणि त्याची किंमत मोजली. फोनवर नाव लिहून घेतलेल्या एका लॉजवाल्याने ऐन वेळी आमची खोली दुसऱ्या ग्रुपला जास्त पैशात दिली आणि रात्री आठ वाजता आई-मावशीला बॅगांवर बसवून मी खोली शोधत फिरले. तेव्हापासून ॲडव्हान्स भरल्याशिवाय आणि मेसेजवर तारीख-भाडं लेखी आल्याशिवाय मी बुकिंग झालं असं मानतच नाही. डिसेंबरचा दुसरा आठवडा किंवा संक्रांतीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले. मात्र पौष महिन्यात शाकंभरी नवरात्र असतं, पौर्णिमेला बनशंकरीचा रथ निघतो, मोठी जत्रा भरते. जत्रेसाठीच जात असाल तर उत्तम, नसाल तर पंचांग बघून तारीख ठरवा कारण त्या दिवसांत बदामीत पाय ठेवायला जागा नसते.

विजापूर

पहाटे सोलापूर गेलं की झोपू नका. थोड्या वेळाने गाडी भीमा ओलांडते आणि कर्नाटक सुरू होतं, दोन्हीकडे ज्वारीची शेतं, काळी जमीन, आणि विजापूर जवळ आलं की लांबून तो घुमट दिसायला लागतो, आजूबाजूला काही उंच नसल्यामुळे तो आहे त्याहून मोठा वाटतो.

स्टेशनपासून गोलघुमट जवळच आहे. लॉजवर बॅगा टाका, तोंड धुवा आणि आधी तिथेच जा, नाश्तासुद्धा नंतर. का ते सांगते. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर, १६५६ साली पुरी झाली, घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटरच्या आसपास आणि खाली आधाराला एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्यातून सात मजले अरुंद जिने चढून गेलं की घुमटाच्या आत गोल सज्जा लागतो, तिथे एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की समोर, पार पलीकडे, शब्द न शब्द ऐकू येतो. पण डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना. एकदा का तीन बस भरून मुलं वर आली की प्रत्येक जण आरोळी ठोकतो, ती आरोळी घुमत राहते आणि कुजबुज-बिजबुज सगळं संपलं. शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा वर दहा-बारा माणसं होती, मी मावशीला सज्जाच्या पलीकडे पाठवलं, तिने पर्समधून एसटीचं जुनं तिकीट काढून फाडलं आणि तो कागद फाटल्याचा आवाज माझ्या कानाशी आला, अगदी इथे, जणू माझ्याच हातात फाटलं. आई गुडघ्यांमुळे खाली थांबली होती, तिला खालच्या चौथऱ्यावरही आवाज घुमताना ऐकू आला, म्हणजे ज्यांना चढवत नाही त्यांचंही येणं फुकट जात नाही.

पुढे रिक्षा किंवा टांगा. एक रिक्षा चार-पाच तासांसाठी ठरवली तरी चालते, पण क्रम सांगून ठरवा: जामा मशीद, आसार महाल, बारा कमान, उपली बुरूज, मुलूख-ए-मैदान तोफ आणि शेवटी इब्राहिम रोजा. इब्राहिम रोजा संध्याकाळसाठी ठेवायचा, उतरतं ऊन त्या दगडाच्या जाळीवर पडतं ते बघायला.

तोफेजवळ मात्र थांबा. ५५ टनांची ही तोफ १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतलेली, निजामशाहीची, नंतर विजापूरला आणली. तोंडाशी सिंहाचा जबडा आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडतोय. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर घेतलं तेव्हा त्याने आपलाही लेख हिच्यावर कोरला. शहाजीराजांनी ज्या दरबारात चाकरी केली, १६५९ मध्ये अफजलखान ज्या शहरातून निघाला, ते हे शहर, आपण शाळेत सनावळ्या पाठ केल्या आणि इथे त्या एका रस्त्यावर रिक्षाने दहा-दहा मिनिटांवर उभ्या आहेत.

इब्राहिम आदिलशाह दुसरा, १६२७ मध्ये गेला, हा संगीतवेडा सुलतान, स्वतःच्या पदांमध्ये सरस्वती आणि गणपतीला वंदन करायचा, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. त्याच्या रोजाच्या पायरीवर अर्धा तास नुसतं बसा. विजापुरात घाई करायची ती गोलघुमटाला पोचायची, बाकी कुठे नाही.

जेवायला खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्याचं येण्णेगाई, शेंगदाण्याची चटणी, दही, वर तूप. भाकरीला तिकडे जोळद रोट्टी म्हणतात. इथे मराठी बऱ्याच जणांना कळतं.

बस आणि थोडं कानडी

कर्नाटकच्या बसवर पाटी कानडीत, आकडेही कधी कधी कानडीत, तेव्हा पाटी वाचायच्या भानगडीत न पडता स्टँडवर कंट्रोलरला विचारा आणि चढताना कंडक्टरला पुन्हा विचारा. ‘हंपीगे होगुत्ता?’ म्हणजे हंपीला जाते का. ‘येष्टु?’ म्हणजे किती. ‘यावाग?’ म्हणजे कधी. ‘बेडा’ म्हणजे नको, हा शब्द गाइड आणि माळा विकणाऱ्यांसाठी, हसून म्हणायचा. पुरुषाला अण्णा, बाईला अक्का. एवढ्या शब्दांवर आमचे सहा दिवस निघाले, आणि मावशीने ‘अक्का, येष्टु?’ म्हटलं की भाजीवालीसुद्धा खूश व्हायची.

पैशांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढे फुकट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास फुकट आहे, २०२३ पासून, पण तो तिथल्या रहिवाशांना, आपलं आधार मुंबईचं असल्यामुळे आपण तिकीट काढायचं. शेजारची बाई झिरोचं तिकीट घेताना दिसली म्हणून कंडक्टरशी वाद घालू नका. दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा.

पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना पट्टदकल आणि हंपीला ४० रुपये, गोलघुमट, बदामी, ऐहोळेला २५, क्यूआर कोडवर काढलं तर पाच रुपये कमी, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. खात्याची म्युझियम शुक्रवारी बंद असतात.

बदामी

रविवारी सकाळच्या गाडीत उजवी-डावी कुठलीही खिडकी धरा, आलमट्टीजवळ कृष्णा लागते, धरणाचं पाणी लांबवर पसरलेलं असतं. आई खिडकीतून हात जोडून बसली होती, कृष्णाबाई म्हणाली.

बदामी स्टेशन गावापासून चार-पाच किलोमीटर लांब आहे, हे माहीत नसेल तर माणूस गोंधळतो. बाहेर शेअर रिक्षा असतात, गाडीतले लोक उतरले की लगेच भरतात, तेव्हा प्लॅटफॉर्मवर फोटो काढत बसू नका. खोली गावातल्या बस स्टँडच्या आसपासच घ्या, लेण्याही तिथून चालत जाता येतात आणि पट्टदकलची बसही तिथूनच.

लेण्या दुपारी तीननंतर बघा. लाल दगड, चार लेण्या, एकावर एक पायऱ्या. पहिलीत शिरायच्या आधीच उजवीकडे अठरा हातांचा नटराज आहे, एकेक हात वेगळ्या मुद्रेत, दोन-दोन हात जुळवून बघत राहिलं की तो खरंच नाचतोय असं वाटायला लागतं. तिसरी सगळ्यात मोठी, विष्णूची, तिथे शिलालेख आहे आणि त्यात शक ५०० म्हणजे इसवी सन ५७८ सालाची नोंद आहे. इतक्या जुन्या लेण्यांमध्ये बांधल्याचं साल असं लिहिलेलं क्वचित मिळतं. चौथी जैनांची.

माकडं. हे मी वेगळं लिहिते कारण मला धडा मिळालाय. हातात प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे. माझ्या हातातली चुरमुऱ्यांची पिशवी दुसऱ्या लेणीच्या पायरीवर एका माकडिणीने अशी ओढली की मी जवळजवळ आईवर पडले. खाऊ, पाण्याची बाटली, सगळं बॅगेत आणि चेन बंद. चष्मा सांभाळा.

लेण्यांवरून उतरून अगस्त्य तलावाच्या काठाने पलीकडे भूतनाथ मंदिरापर्यंत चालत जा, सूर्य मावळायच्या तासभर आधी. घाटावर बायका कपडे धूत असतात, धोपटण्याचा आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत येतो, पाण्यात लाल कडा आणि देऊळ. मला पूर्ण ट्रिपमधली एकच जागा पुन्हा दाखव म्हटलं तर मी ही मागेन.

सोमवारी पट्टदकल आणि ऐहोळे. बदामीहून पट्टदकल २२ किलोमीटर, सकाळची बस पकडा. ऐहोळे आणखी पुढे तेरा-चौदा किलोमीटर, तिकडच्या बस कमी आहेत, म्हणून सकाळी आधी थेट ऐहोळेला जाऊन येताना पट्टदकल करणं जास्त सोयीचं, पट्टदकलहून बदामीला परतायला गाडी मिळण्याची चिंता नसते. तिघं-चौघं असाल आणि त्यात वयस्कर माणूस असेल तर त्या दिवशी रिक्षा करा, मीसुद्धा केली, हट्टाने बसच पकडायची म्हणून आईला उन्हात उभं करण्यात काही अर्थ नाही.

ऐहोळेचं दुर्गा मंदिर दुर्गेचं नाही, दुर्ग म्हणजे किल्ला त्यावरून नाव पडलं, मागची बाजू गोलाकार आहे. पण मराठी माणसाने वर टेकडीवरच्या मेगुती मंदिरात जायलाच हवं. तिथे दुसऱ्या पुलकेशीचा शिलालेख आहे, इसवी सन ६३४ चा, रविकीर्ती नावाच्या कवीने रचलेला, हर्षवर्धनाला हरवल्याचा उल्लेख त्यात आहे, आणि तीन महाराष्ट्रकांचा, ९९ हजार गावांचा राजा असाही. भिंतीवरची ती बारीक अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, तरी आपल्या मुलखाचं नाव तेराशे-चौदाशे वर्षं इथे उन्हापावसात उभं आहे हे कळल्यावर मी बराच वेळ तिथून हलले नाही.

पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने बांधवलं, नवरा दुसरा विक्रमादित्य याने कांची जिंकली त्याची आठवण म्हणून. वेरूळचं कैलास लेणं पाहिलं असेल तर इथे आल्यावर ओळखीचं वाटेल, त्याच्यावर या देवळाची छाप आहे असं अभ्यासक सांगतात.

येताना बनशंकरी, बदामीपासून पाच किलोमीटर. देवळासमोर मोठं चौकोनी तळं आहे. बाहेर बायका टोपल्यांमध्ये भाकरी, चटण्या, दही घेऊन बसतात, दर्शन झालं की तिथेच झाडाखाली पानावर जेवायचं. आईने ओटी भरली, खण घरून आणला होता, तर शेजारी बसलेल्या आजीने तो हातात घेऊन बघितला आणि कानडीत काहीतरी म्हणाली, रिक्षावाल्याने सांगितलं, ती म्हणतेय हा गुळेदगुड्डचा आहे, आमच्या इथलाच. खरंच, आपण दादरला ज्याला खण म्हणून घेतो त्याचं गाव तिथून जवळच आहे, आणि इरकलीचं इळकलही याच जिल्ह्यात. आईचा खण दादरहून माहेरी आला होता.

होस्पेट आणि हंपी

मंगळवारी गाडीने दुपारी होस्पेट. इथे पहिला प्रश्न, राहायचं कुठे. होस्पेटला लॉज भरपूर, स्वस्त, बस स्टँडवरून हंपीला तेरा किलोमीटर, बस सारख्या सुटतात. हंपी गावात छोटी गेस्ट हाउस आहेत, पहाटे आणि संध्याकाळी उशिरा भग्नावशेषात फिरायचं असेल तर तिथेच राहा, तिथे नॉनव्हेज आणि दारू मिळत नाही हे मात्र माहीत असू द्या. वयस्कर लोकांबरोबर मी होस्पेट सुचवेन, गरम पाणी आणि डॉक्टर दोन्ही जवळ. परतीची शेवटची बस किती वाजता हे उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवायचं.

मंगळवारी संध्याकाळी फक्त हेमकूट टेकडी, विरूपाक्ष मंदिराच्या बाजूलाच, चढ अगदी सोपा. सूर्यास्त तिथून.

बुधवार नदीकाठ. सकाळी लवकर विरूपाक्ष मंदिर, तिथली हत्तीण लक्ष्मी सकाळी तुंगभद्रेवर आंघोळीला जाते, भेटली तर नशीब. मंदिराच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत जायला विसरू नका, भिंतीच्या छोट्या भोकातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर गोपुराची सावली उलटी पडते, कळस खाली. मग नदीच्या काठाकाठाने, कोदंडराम मंदिरावरून, अच्युतराय मंदिर करत विठ्ठल मंदिरापर्यंत चालत जायचं, दोनेक किलोमीटर. चालणं जमत नसेल तर दुसऱ्या रस्त्याने रिक्षा, शेवटच्या टप्प्याला बॅटरीवरच्या गाड्या आहेत. लोटस महाल त्याच दिवशी करणार असाल तर विठ्ठल मंदिराचं तिकीट फेकू नका, तिथे तेच चालतं.

आणि हे क्रमाने का बघायचं तेही सांगते. २३ जानेवारी १५६५ ला तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी मिळून विजयनगर हरवलं, विजापूरचा अली आदिलशाह त्यात होता, आणि विजापूरच्या जामा मशिदीला या लुटीचा पैसा लागला असं मानतात. म्हणजे शनिवारी जिंकलेल्याचं शहर बघितलं आणि बुधवारी हरलेल्याचं. १३३६ मध्ये हरिहर-बुक्कांनी उभं केलेलं, कृष्णदेवरायाच्या काळात, १५०९ ते १५२९, भरभराटीला पोचलेलं शहर, आणि आता मैलोन्‌मैल दगड, मधून केळीच्या बागा. विजापुरात कमानीखाली उभं राहून जे वाटलं होतं त्याचा दुसरा अर्धा भाग इथे येऊन कळतो.

विठ्ठल मंदिरात पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ आहे, सगळी गर्दी तिथे. तुम्ही आत जा. गाभारा रिकामा आहे. आपल्याकडे कथा सांगतात की पंढरपूरची मूर्ती विजयनगरला नेली होती आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी ती परत आणली. आईला ही कथा पाठ, ती त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभी राहिली, चपला बाहेर काढलेल्या, आणि हळूच म्हणाली, पुंडलिक वरदे. तिथल्या वॉचमनने वळून बघितलं आणि हात जोडले. मावशी रडली. मी फोटो काढला नाही.

गुरुवारी कमलापूरची बस पकडून तिथे उतरा, राजवाड्यांचा भाग तिथून सुरू होतो, महानवमी डिब्बा, पायऱ्यांची पुष्करणी, हत्तीखाना, लोटस महाल. इथे सावली नाही, टोपी आणि दोन बाटल्या पाणी हवंच, थंडीचे दिवस असले तरी दगड अकरानंतर तापतो. वेळ उरला तर लक्ष्मीनरसिंह आणि शेजारचं पाण्यातलं बडवीलिंग.

तरुण मंडळींनी नदीपलीकडे आनेगुंदीला जाऊन अंजनाद्रीच्या पाचशेच्या वर पायऱ्या चढाव्यात, मारुतीचं जन्मस्थान मानतात ते. आम्ही खालूनच नमस्कार केला.

परत येताना

परतीच्या गाडीचे बर्थ जातानाच्या तिकिटाबरोबर काढलेले असतीलच. जेवण होस्पेटहून बांधून घ्या. घरी आणायला शेंगाचटणी आणि कडक भाकरी घ्या, कागदासारखी पातळ, महिनाभर टिकते. फक्त ती बॅगेत सगळ्यात वर ठेवा, टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि कल्याणला उतरायच्या घाईत त्या बॅगेवर कोणाला बसू देऊ नका. आमच्या दोन पुड्यांपैकी एकीचा चुरा झाला, तो आईने दह्यात कालवून वर फोडणी घातली आणि शनिवारी दुपारी आम्ही तिघींनी तोच जेवलो.